पैसा एकाचा, गिऱ्हाईक दुसरा : नेपाळला मदत घेणं इतकं अवघड का जातं?

१ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधल्या पोखरा शहरात नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. अडीच किलोमीटरची धावपट्टी, कोरं करकरीत टर्मिनल आणि समोर अन्नपूर्णेची हिमशिखरं. चीनच्या एक्झिम बँकेचं, म्हणजे तिथल्या सरकारी आयात-निर्यात बँकेचं, सुमारे २१.६ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन तो बांधला होता. हिशेब सरळ होता: परदेशी पर्यटक काठमांडूला न उतरता थेट पोखऱ्याला येतील, विमानतळ कमावेल आणि त्या कमाईतून हप्ते जातील. पर्यटक पोखऱ्याला येतातच, पण बहुतेक जण काठमांडूला उतरून पुढं छोट्या विमानानं किंवा बसनं येतात. बाहेरच्या देशातून थेट येणारं नियमित विमान मिळायला विमानतळाला दोन वर्षांहून जास्त थांबावं लागलं, आणि मिळालं तेही ल्हासाहून येणारं एकच.

यामागं एकच कारण नाही. प्रवासी किती येतील याचे अंदाज भलतेच आशावादी होते. पण एक कारण असं आहे की ते समजलं तर नेपाळची सगळी अडचण समजते. नेपाळला येणारी बहुतेक विमानं भारताच्या आकाशातून येतात, आणि पश्चिम नेपाळात सोयीनं शिरता यावं म्हणून नेपाळ मागत असलेले जादा हवाई मार्ग भारतानं दिलेले नाहीत. म्हणजे धावपट्टी चीनच्या पैशानं झाली, तरी तिची कमाई दिल्लीच्या परवानगीवर अडली.

आपल्याकडे नेपाळच्या बातम्या दोनच साच्यांत येतात: ‘नेपाळ चीनकडे झुकला’ किंवा ‘नेपाळ पुन्हा भारताकडे वळला’. या साच्यांत नेपाळ म्हणजे नुसता तराजूचा काटा. काठमांडूत बसलेल्या माणसाला पडणारे प्रश्न बरेच जमिनीवरचे असतात. कर्ज कोणाकडून घ्यायचं हा त्यातला सोपा प्रश्न. त्या कर्जातून जे उभं राहील त्याला गिऱ्हाईक कोण, आणि त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला कोणाच्या अंगणातून जावं लागेल, हा अवघड.

आधी पैशाचे प्रकार

‘परदेशी मदत’ हा शब्द फार ढोबळ आहे. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. पहिली, अनुदान: हे परत करायचं नसतं. दुसरी, सवलतीचं कर्ज: व्याज नाममात्र, मुदत लांबलचक. गरीब देशांना पैसा देणारी जागतिक बँकेची एक शाखा आहे, आयडीए. तिच्या नेहमीच्या कर्जाला ३८ वर्षांची मुदत असते, पहिली ६ वर्षं मुद्दल फेडायचं नसतं आणि वर्षाला ०.७५ टक्के सेवाशुल्क पडतं. तिसरी, बाजारभावानं किंवा त्याच्या आसपास मिळणारं कर्ज. ते लवकर मिळतं, पण महाग पडतं.

पोखऱ्याचं कर्ज दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या मधलं. मुदत २० वर्षांची, काही भाग बिनव्याजी आणि उरलेल्यावर २ टक्के व्याज. ऐकायला स्वस्त वाटतं. पण त्याला एक अट होती: काम चिनी कंपनीलाच द्यायचं. अशा कर्जाला बांधील कर्ज म्हणतात. समजा, तुम्हाला घर बांधायला कोणी कमी व्याजानं पैसे दिले, पण सांगितलं की गवंडी माझा आणि सिमेंटही माझ्याच दुकानातलं. व्याजात वाचलेले पैसे गवंड्याच्या मजुरीत परत गेले का, हे तुम्हाला कळायचा मार्गच उरत नाही, कारण दुसऱ्या गवंड्याला भाव विचारायची मुभाच नव्हती. हे फक्त चीन करतो असंही नाही. भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातही ठरावीक हिस्सा माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते.

आणखी एक गोष्ट कर्जाच्या बातम्यांत सहसा येत नाही, ती म्हणजे चलन. नेपाळी रुपया भारतीय रुपयाला बांधलेला आहे. १९९३ पासून दर ठरलेला: १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. त्यामुळं डॉलरसमोर भारतीय रुपया घसरला की काठमांडूनं काहीही केलेलं नसताना नेपाळी रुपयाही तितकाच घसरतो. डॉलर ८० भारतीय रुपयांना असेल तर तो १२८ नेपाळी रुपयांना पडतो. ८८ ला गेला की १४०.८० ला. समजा नेपाळनं १० कोटी डॉलर कर्ज घेतलंय. पहिल्या दरानं ते १,२८० कोटी नेपाळी रुपये होतं, दुसऱ्या दरानं १,४०८ कोटी. एक पैसाही नवा न घेता १२८ कोटींचा बोजा वाढला. विमानतळाची किंवा धरणाची कमाई नेपाळी रुपयांत आणि हप्ता परक्या चलनात असेल, तर ही गळती दर वर्षी लागू शकते.

एकाच रस्त्याचे तुकडे

अठराव्या शतकात नेपाळ एकत्र करणारे पृथ्वीनारायण शाह यांनी आपल्या राज्याला दोन धोंड्यांमधल्या कंदाची उपमा दिली होती. नेपाळमध्ये ती आजही शाळकरी मुलाला पाठ असते. कंदानं दोन्ही धोंड्यांशी जपून राहायचं, हा तिचा रोख.

परदेशी मदत मात्र बरीच नंतर आली. जानेवारी १९५१ मध्ये अमेरिकेशी पहिला करार झाला. मग भारतानं काठमांडूला तराईशी, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट मुलखाशी, जोडणारा त्रिभुवन राजपथ बांधला. १९६० च्या दशकात चीननं काठमांडूपासून तिबेटच्या सीमेवरच्या कोदारीपर्यंत रस्ता काढून दिला. सोव्हिएत संघानं वीरगंजला साखर कारखाना आणि जनकपूरला सिगारेट कारखाना दिला. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकमेकांची तोंडंही न बघणारे देश एकाच छोट्या देशात शेजारी शेजारी बांधकाम करत होते.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे पूर्वेच्या मेची नदीपासून पश्चिमेच्या महाकालीपर्यंत जाणारा हजार किलोमीटरहून लांब महेंद्र राजमार्ग. त्याचे तुकडे पाडून वेगवेगळ्या देशांना दिले गेले: काही भारताला, एक सोव्हिएत संघाला, एक ब्रिटनला. नेपाळची ही पद्धत मला खरोखर शहाणपणाची वाटते. पूर्ण रस्ता कोणा एकाचा नाही, म्हणून तो नेपाळचा. पण तेव्हाही एक रेघ होती. १९८० च्या दशकात कोहलपूरच्या पश्चिमेकडच्या तुकड्याचं काम निविदेतून चिनी कंपनीकडे जाण्याच्या बेतात होतं. आपल्या सीमेजवळ चिनी नकोत म्हणून भारतानं हरकत घेतली आणि तो तुकडा स्वतः अनुदानातून बांधून दिला. नेपाळला रस्ता मिळाला, तोही फुकट. आणि त्याबरोबर हेही कळलं की आपल्या देशात कोणी कुठं काम करायचं हे आपण एकट्यानं ठरवत नाही.

नकाशा बदलत नाही

नेपाळचा जवळपास दोन तृतीयांश परदेश व्यापार भारताशी होतो. समुद्र नाही, त्यामुळं तिसऱ्या देशातून येणारा मालही मुख्यतः कोलकाता आणि विशाखापट्टणम बंदरांतून येतो. वीरगंजपासून कोलकाता हजार किलोमीटरच्या आत आहे. चीननं २०१९ च्या करारानं नेपाळला आपली चार बंदरं वापरायची मुभा दिली, त्यात तियानजिन आणि शेनझेनही आहेत. पण नेपाळच्या सीमेपासून ती अडीच हजार किलोमीटरहून लांब, आणि मध्ये हिमालय आणि तिबेटचं पठार. सीमेवरच्या वाटाही धड टिकत नाहीत. २०१५ च्या भूकंपानं तातोपानीचा नाका बंद पडला तो २०१९ मध्ये उघडला. रसुवागढीचा पूल जुलै २०२५ मध्ये भोटेकोशीच्या पुरानं वाहून नेला.

मग कोणी म्हणेल, एवढं सगळं भारताशी जोडलेलं असताना नेपाळ चीनकडे बघतोच कशाला? याचं उत्तर २०१५ च्या थंडीत आहे, आणि आपण भारतीयांनी ते जरा थांबून ऐकायला हवं.

त्या वर्षी २५ एप्रिलला भूकंप झाला, जवळपास ९ हजार माणसं गेली. सप्टेंबरमध्ये नेपाळनं नवी राज्यघटना स्वीकारली. तराईतल्या मधेशी समाजाचा तिला विरोध होता आणि भारतही नाराज होता. काही दिवसांत सीमेवरचे मालट्रक थांबले. भारताचं म्हणणं होतं की आम्ही काहीही अडवलेलं नाही, नेपाळच्या बाजूला आंदोलन सुरू आहे म्हणून ट्रक जात नाहीत. नेपाळमध्ये आजही बहुतेक लोक त्याला नाकाबंदीच म्हणतात. कारण काहीही असो, घराघरांत झालं ते असं: पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, दवाखान्यांत औषधं संपत आली, काठमांडूच्या गच्च्यांवर आणि अंगणांत लाकडाच्या चुली पेटल्या. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशननं गॅसचे सिलिंडर अर्धे भरून वाटायला सुरुवात केली, म्हणजे निदान सगळ्यांना थोडा थोडा मिळावा. भूकंपात घर गेलेली कुटुंबं तेव्हा पत्र्याच्या आडोशात थंडी काढत होती. हे फेब्रुवारी २०१६ पर्यंत चाललं.

मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनमधून माल आणण्याच्या करारावर सही करून आले. त्या रस्त्यानं स्वस्तात माल येणार नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. घराला मागचं दार असलं की पुढच्या दारावरचा शेजारी जरा नीट बोलतो, एवढाच त्या सहीचा उपयोग होता, आणि माझ्या मते तो कमी नव्हता. पुढं भारतानंही काम वेगानं केलं. मोतीहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची तेलवाहिनी अनेक वर्षं कागदावर होती, ती सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. नेपाळचं डिझेल आता टँकरची वाट न बघता थेट येतं. गंमत वाटेल, पण गोष्ट गंभीर आहे: सोय वाढली आणि अवलंबनही वाढलं, दोन्ही एकाच नळातून.

विजेचं गणित

नेपाळकडे विकण्यासारखं सगळ्यांत मोठं काही असेल तर ते पाणी, म्हणजे वीज. दहा-बारा वर्षांपूर्वी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला १४ ते १८ तास वीज जायची. आज पावसाळ्यात नेपाळकडे स्वतःच्या गरजेहून जास्त वीज असते. हिवाळ्यात नद्या आटतात तेव्हा तोच देश भारतातून वीज विकत घेतो. पावसाळ्यातली जादा वीज साठवून ठेवता येत नाही. विकली नाही तर टर्बाइन बंद ठेवून पाणी सोडून द्यावं लागतं, आणि धरणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र त्या महिन्यातही चुकत नाही.

विकायची कोणाला? उत्तरेला हिमालय ओलांडून मोठी वीजवाहिनी नाही. उरतो भारत. आणि भारताचा २०२१ चा नियम असा आहे: ज्या देशाची सीमा भारताला लागून आहे आणि ज्याच्याशी भारताचा वीज-सहकार्याचा करार नाही, त्या देशाची मालकी असलेल्या प्रकल्पातली वीज घेणार नाही. नियमात चीनचं नाव नाही, पण रोख कोणाकडे आहे हे सगळ्यांना कळतं. भारताची बाजूही समजून घ्यायला हवी. वीज ही सुरक्षेची गोष्ट आहे, आणि कोणाकडून घ्यायची हे ठरवणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण या एका नियमानं नेपाळच्या प्रत्येक नदीवरच्या निविदेचा अर्थ बदलला. चिनी गुंतवणूकदार भलेही स्वस्तात धरण बांधून देईल. त्या धरणाची वीज घेणाराच नसेल तर स्वस्ताईचं करायचं काय?

नोव्हेंबर २०२१ मध्ये भारताच्या वीजबाजारात नेपाळला पहिल्यांदा वीज विकायची परवानगी मिळाली ती ३९ मेगावॉटची: त्रिशूलीची २४ आणि देवीघाटची १५. ही दोन्ही जुनी केंद्रं भारताच्याच मदतीनं बांधलेली. पुढं परवानगीची यादी वाढत गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. ही नेपाळसाठी खरोखर मोठी गोष्ट आहे. तिचा दुसरा परिणामही दिसतो. पश्चिम सेती हा वीजप्रकल्प आधी चीनच्या थ्री गॉर्जेस कंपनीकडे होता, ती २०१८ मध्ये बाहेर पडली. २०२२ मध्ये तो भारताच्या एनएचपीसी या सरकारी वीज कंपनीकडे गेला. अरुण नदीवरचा ९०० मेगावॉटचा प्रकल्पही भारतीय सरकारी कंपनी बांधते आहे. त्याच अरुण प्रकल्पातून १९९५ मध्ये जागतिक बँकेनं अंग काढून घेतलं होतं. बँकेनं सोडलेलं काम पुरं करायला शेवटी गिऱ्हाईकच पुढं आलं.

अमेरिकेचं अनुदान इतकं का गाजलं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये काठमांडूत संसदेबाहेर दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला गेला, पाण्याचे फवारे मारले गेले. भांडण कर्जावरून नव्हतं, अनुदानावरून होतं. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशननं, म्हणजे एमसीसीनं, नेपाळला ५० कोटी डॉलर देऊ केले होते. करार २०१७ मध्ये झाला होता, पण संसदेची मंजुरी साडेचार वर्षं रखडली होती.

परत करायचा नसलेला पैसा लोकांना का नको होता? एक अट बोचत होती: करार आणि नेपाळचा कायदा यांत विसंगती आली तर करार वरचढ ठरेल. देणारा म्हणतो, पाच वर्षांत काम संपवायचंय, मध्येच सरकार बदलून नवा कायदा आला तर सगळं अडेल, म्हणून ही अट. घेणारा म्हणतो, माझ्या घरात तुझा नियम माझ्या नियमाच्या वर कसा? दोघांचंही चुकत नाही. त्यात अमेरिकी सैन्य येणार अशी अफवा पसरली, तिला कराराच्या मजकुरात कसलाही आधार नव्हता. चीननंही उघड नाराजी दाखवली. शेवटी २७ फेब्रुवारीला संसदेनं करार मंजूर केला, सोबत बारा कलमांचं स्पष्टीकरण जोडून: नेपाळ कुठल्याही लष्करी आघाडीत जाणार नाही, राज्यघटना सगळ्यांच्या वर. मला हे स्पष्टीकरण कौतुकाचं वाटतं. लहान देशाला कराराचा मजकूर बदलता आला नाही, तर त्यानं आपण तो कसा वाचतो हे लिहून ठेवलं.

या पैशाचं मुख्य काम म्हणजे ३१५ किलोमीटरची उच्च दाबाची (४०० केव्ही) वीजवाहिनी. ती न्यू बुटवलला पोचते आणि तिथून पुढं वीज भारतातल्या गोरखपूरकडे जायची आहे. त्यामुळं सीमेपलीकडच्या वाहिनीबद्दल भारताशी आधी समझोता व्हावा, ही करारातली एक अट होती. पैसा वॉशिंग्टनचा, पण गणिताच्या शेवटी पुन्हा दिल्ली.

आणि अनुदानही कायमचं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सरकार बदललं आणि परदेशी मदत एकाएकी गोठवली गेली. एमसीसीचं काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. यूएसएड ही मदतसंस्था तर बंदच झाली आणि आरोग्य, शिक्षण, शेतीतले तिचे कार्यक्रम अर्ध्यावर तुटले. कर्जाचा करार निदान दोन्ही बाजूंना बांधतो. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर चालतं.

पण चीनच्या कर्जात नेपाळचा श्रीलंका होणार ना?

हा प्रश्न हमखास येतो. नेपाळच्या परदेशी कर्जात सगळ्यांत मोठा वाटा जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांचा आहे, चीनचा वाटा छोटा. श्रीलंकेची गोष्टही आपण ऐकतो तशी नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, तेव्हा सगळ्यांत मोठं ओझं होतं आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या महाग रोख्यांचं. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीकडे गेलं हे खरं, पण त्या बदल्यात मिळालेल्या १.१२ अब्ज डॉलरमध्ये बंदराचं कर्ज माफ झालं नाही. ते डॉलर देशाच्या गंगाजळीत गेले आणि कर्ज श्रीलंकेच्याच डोक्यावर राहिलं.

नेपाळची काळजी वेगळी आहे. लुंबिनीजवळच्या भैरहवाचा गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला मुख्य कर्ज आशियाई विकास बँकेचं, म्हणजे अटी सौम्य. तरीही तिथं आंतरराष्ट्रीय विमानांची तीच टंचाई. सावकार चांगला असला म्हणून दुकानात गिऱ्हाईक येत नाही.

चिनी पैशाबरोबर आणखी एक ओझं येतं, नावाचं. नेपाळनं मे २०१७ मध्ये चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेत सहभागी व्हायची सही केली. पोखऱ्याचं कर्ज त्याआधीचं, २०१६ चं. तरी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चिनी दूतावासानं हा विमानतळ त्या योजनेतला प्रमुख प्रकल्प असल्याचं जाहीर केलं. नेपाळनं ते नाकारलं, पण भारताला जे ऐकायचं ते ऐकू गेलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये या योजनेच्या पुढच्या आराखड्यावर सही झाली, तेव्हा सगळी ओढाताण एका शब्दावर झाली. नेपाळला ‘अनुदान’ हवं होतं, चीन त्याला तयार नव्हता, शेवटी मदत आणि अर्थसाहाय्य दोन्ही सुचवणारा मोघम शब्द टाकला गेला. त्या मोघम शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी नव्यानं भांडून ठरवावा लागणार आहे.

भारत आणि चीन या दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवता येत नाही का?

थोडंफार येतं. पण त्याला सातत्य लागतं, आणि नेपाळमध्ये सरकारं वर्ष-दीड वर्षात बदलतात. बूढीगंडकीचा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प २०१७ मध्ये एका सरकारनं चिनी कंपनीला दिला, त्याच वर्षी दुसऱ्यानं काढून घेतला, २०१८ मध्ये तिसऱ्यानं पुन्हा दिला आणि २०२२ मध्ये चौथ्यानं पुन्हा काढला. मधल्या काळात लोकांच्या जमिनी संपादित झाल्या, आणि त्या धरणाच्या नावानं प्रत्येक लिटर पेट्रोलमागं ५ नेपाळी रुपये कर त्याआधीच सुरू झाला होता तो सुरूच राहिला. दुचाकीवाल्यानं पैसे भरले, धरण आलं नाही.

शिवाय भांडणारे दोघं कधी एकत्र येतील याचा नेम नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीननं लिपुलेख खिंडीतून सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचं ठरवलं. नेपाळ त्या भागावर आपला हक्क सांगतो. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानं निषेधाचं पत्र पाठवलं.

मग कोणाचंच घेऊ नये, आपलं आपण करावं

हे नेपाळनं करून पाहिलंय. परदेशात काम करणारे नेपाळी दर वर्षी घरी पाठवतात ती रक्कम देशाच्या अर्थव्यवस्थेच्या साधारण पाव भाग भरते. अप्पर तामाकोशी हा ४५६ मेगावॉटचा प्रकल्प देशातल्या पैशानं उभा राहिला: कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, सरकारी कंपन्यांची गुंतवणूक, दोलखा जिल्ह्यातल्या लोकांनी घेतलेले शेअर. २०२१ मध्ये तो सुरू झाला. नोकरदारांच्या निवृत्तीचा पैसा त्यात आहे. पण बांधकामाचं एक मोठं कंत्राट चिनी कंपनीकडे होतं, आणि तेवढ्या कारणानं त्याची वीज भारताच्या बाजारात अडली. पैसा आपला असूनही गवंड्याचं गाव विचारलं गेलं.

पुढची तारीख

२४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख नेपाळसाठी ठरलेली आहे. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित देशां’च्या यादीतून नेपाळ बाहेर पडायचा आहे. हे मानाचं आहे, पण त्या यादीतल्या देशांना श्रीमंत बाजारांत मिळणारी जकातमाफी हळूहळू जाईल, आणि गालिचे, पश्मिना, तयार कपडे विकणाऱ्यांना ते जाणवेल. जागतिक बँकेची सवलतीची कर्जं मात्र या यादीवर अवलंबून नाहीत, ती दरडोई उत्पन्नावर ठरतात. ती लगेच बंद होणार नाहीत. म्हणजे उसना पैसा मिळत राहील, अडचण येईल ती विक्रीत.

म्हणूनच मला ऑक्टोबर २०२४ मधला एक छोटा करार एवढा महत्त्वाचा वाटतो. नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांनी काठमांडूत त्यावर सही केली: पावसाळ्याच्या पाच महिन्यांत, १५ जूनपासून १५ नोव्हेंबरपर्यंत, नेपाळ बांगलादेशाला ४० मेगावॉट वीज विकणार, दर युनिटला ६.४० अमेरिकी सेंट. ४० मेगावॉट म्हणजे अप्पर तामाकोशीचा दहावा हिस्साही नाही. वीज नेपाळमधल्या ढल्केबरहून बिहारमधल्या मुजफ्फरपूरला, तिथून भारताच्या तारांमधून बांगलादेशात जाते, आणि त्या वाटेचे पैसे भारताला द्यावे लागतात. जून २०२५ पासून ती नियमित जाऊ लागली आहे. पाण्यातून निघालेल्या विजेला नेपाळला पहिल्यांदाच भारताखेरीज दुसरं गिऱ्हाईक मिळालं आहे.